औरंगपुरा आणि आठ प्रश्नचिन्हे

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात औरंगपुरा आहे. जिल्हा परिषदेचे कार्यालय तेथे, १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचा परिसर तेथे, आणि शाळा उघडण्याच्या दिवसांत वह्या-पुस्तकांसाठी उसळणारी गर्दीही तेथलीच. बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा अशा पुऱ्यांनी घडलेल्या नगरातील हा एक पुरा. त्याचे नाव अर्जांवर, पावत्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर पिढ्यान् पिढ्या लिहिले गेले. कागदावर ते कधी अडले नाही. संकेतस्थळे मराठीत बोलू लागली तेव्हा मात्र अशा नावांवर एक चमत्कारिक संकट आले. अर्जात ‘औरंगपुरा’ असे टंकायचे आणि ‘जतन करा’ म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पान उघडले तर त्या जागी ‘????????’.

प्रश्नचिन्हे मोजून पाहावीत. ती आठ आहेत. सात नाहीत की नऊ नाहीत. ही संख्या योगायोगाने आलेली नाही, आणि तिच्यामागे दोन दशकांचा इतिहास आहे.

त्या काळी याचे एकच स्पष्टीकरण सर्रास दिले जाई: ‘मराठी फॉन्ट नसेल.’ ते चूक होते. फॉन्ट नसला तर पडद्यावर रिकाम्या चौकटी उमटतात. अक्षर आतमध्ये शाबूत असते, फक्त त्याचा चेहरा दिसत नाही. प्रश्नचिन्ह ही निराळी गोष्ट आहे. वाटेत कोणीतरी अक्षर वाचण्याचा प्रयत्न केला, ते आपल्या यादीत सापडले नाही, आणि त्याने त्या जागी खूण करून मूळ अक्षर टाकून दिले, असा त्याचा अर्थ. हे ‘कोणीतरी’ बसले होते संकेतस्थळ आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या दुव्यात, म्हणजेच कनेक्शनमध्ये.

आधी अक्षरांचा हिशेब. संगणकाच्या दृष्टीने ‘औरंगपुरा’ हा शब्द औ, र, अनुस्वार, ग, प, उकार, र आणि काना अशा आठ संकेतांचा आहे. देवनागरीला यंत्रात अशी जागा मिळवून देण्याचे काम भारतात १९८०च्या दशकात जोरात सुरू झाले. आयआयटी कानपूरमध्ये उभे राहिलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ची. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर बेतलेली होती. म्हणजे मुळाक्षरांचा प्रश्न १९९१ मध्ये बहुतांशी सुटलेला होता.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लेखनपद्धती रचली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. ‘औरंगपुरा’चे आठ संकेत म्हणजे चोवीस बाइट. हा चोवीसचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे एक्कावन्न होणार आहेत.

पण १९९०च्या दशकातील मराठी संगणकविश्व या वाटेने गेले नाही. छपाईच्या धंद्यातून आलेले फॉन्ट वेगळ्याच युक्तीवर चालत. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे, अर्धे दंड, वेलांट्या, रफार बसवलेले असत. फॉन्ट उतरवला की मराठी दिसे, फॉन्ट काढला की निरर्थक इंग्रजी. तज्ज्ञ मंडळी या प्रकाराला नाके मुरडत, आणि त्यांचे बरोबरच होते. तरीही इतिहासाची थट्टा अशी की हीच अशुद्ध पद्धत डेटाबेसमधून सुखरूप जाई. डेटाबेसला वाटे, ही रोमन अक्षरे आहेत. तो ती जशीच्या तशी ठेवी. युनिकोडमधली शुद्ध, मानक मराठी आली, आणि मोडतोड तेव्हा सुरू झाली.

त्या काळच्या संकेतस्थळांचा लाडका डेटाबेस म्हणजे मायएसक्यूएल. मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली, कंपनी स्वीडनची. काही न सांगता ती जो वर्णसंच धरून चाले तो होता लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांचा. वर्णक्रमही स्वीडिश. स्वीडनमध्ये बसून स्वीडिश वर्णक्रम धरणे यात गैर काही नाही. पण ही प्रणाली फुकट होती, पीएचपीशी तिची उत्तम जोडी जमत होती, आणि भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक सर्व्हरवर ती आयती बसवलेली असे. त्यामुळे मराठवाड्यातील गावांची नावेही लॅटिन-१ असे लेबल लावलेल्या तक्त्यांत जाऊन बसू लागली.

आरंभीची काही वर्षे काहीच बिघडले नाही. संकेतस्थळ चोवीस बाइट पाठवी, डेटाबेसला ती चोवीस युरोपीय अक्षरे वाटत, मागितल्यावर तो तेच चोवीस बाइट परत देई आणि ब्राउझर त्यांतून पुन्हा ‘औरंगपुरा’ उभा करी. दोघांचा गैरसमज सारखाच असल्यामुळे व्यवहार सुरळीत चाले. एक अडचण मात्र तेव्हाही होती. रकान्यात वीस अक्षरांची जागा राखलेली असली तर चोवीसपैकी शेवटचे चार बाइट कापले जात. ‘औरंगपु’ एवढे उरे आणि त्यापुढे दोनतृतीयांश ‘र’. असा तुटका ‘र’ ब्राउझर काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हाने दाखवी.

२००४च्या ऑक्टोबरात मायएसक्यूएलची ४.१ ही आवृत्ती वापरासाठी खुली झाली. तिला युनिकोड समजत होते. मराठीच्या दृष्टीने हा सुदिन ठरायला हवा होता. प्रत्यक्षात घोटाळ्याचे मूळही तेथेच आहे.

जुन्या दरबारात दोन भाषांमधील पत्रव्यवहार दुभाष्याच्या हातून होई. ४.१ पासून डेटाबेसने प्रत्येक जोडणीवर असा दुभाषी बसवला. जोडणी उघडताना आधी सर्व्हर स्वतःची ओळख पाठवतो, मग संकेतस्थळाची बाजू उत्तर देते आणि त्या उत्तरात एक लहानसा क्रमांक असतो: माझी अक्षरे कोणत्या संचातील समजावीत. स्वीडिश लॅटिन-१चा क्रमांक ८, तेव्हाच्या यूटीएफ-८चा ३३. सर्व्हर त्यावरून तीन नोंदी ठेवतो. येणारा मजकूर कोणत्या संचातला, आज्ञा वाचताना तो कोणत्या संचात फिरवायचा, आणि उत्तर कोणत्या संचात द्यायचे. तक्त्याचा स्वतःचा संच ही चौथी बाब. या चौघांत कोठेही फरक दिसला की दुभाषी कामाला लागतो. पीएचपीची जुनी संकेतस्थळे याविषयी अवाक्षरही काढीत नसत. मौन धरले की क्रमांक जाई ८.

येथून पुढे ‘औरंगपुरा’चे नशीब चार प्रकारे उलगडते, आणि सगळी गोम या चारांतील फरकात आहे.

तक्ता लॅटिन-१ आणि जोडणी मौन असेल तर जुनाच गैरसमज पुढे चालू. तक्ता यूटीएफ-८ करून घेतला पण जोडणी मौनच राहिली, तर दुभाषी चोवीस बाइटांना चोवीस युरोपीय अक्षरे समजतो आणि त्यांचे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये भाषांतर करतो. चोवीसचे एक्कावन्न बाइट होतात. परत देताना तो हेच भाषांतर उलटे फिरवतो, म्हणून पानावर नाव पुन्हा नीट दिसते. मालकाला वाटते, सारे ठीक आहे. डेटाबेसमध्ये थेट डोकावून पाहिले तर तेथे देवनागरीचा मागमूस नसतो. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चलनाचे गोल चिन्ह यांची रांगच्या रांग. उकाराच्या जागी तर चक्क जपानी येनचे चिन्ह.

तिसरा प्रकार: तक्त्यात खरी, शुद्ध मराठी आहे आणि वाचणारी जोडणी मौन आहे. दुभाषी देवनागरीचे लॅटिन-१ मध्ये भाषांतर करू पाहतो. त्या संचात ‘औ’ नाही, ‘र’ नाही, काही नाही. तो एकेका संकेतामागे एक प्रश्नचिन्ह ठेवतो: आठ. हे दिसायला भयंकर असले तरी तक्त्यातील मजकूर शाबूत असतो. जोडणीने आपला संच नीट सांगितला की नाव परत येते.

चौथा प्रकार खरा घातक. तक्ता जुना, लॅटिन-१चा. आणि कोणीतरी सुधारणा म्हणून जोडणी यूटीएफ-८ केली. आता लिहिताना दुभाष्याला देवनागरी ओळखता येते, पण तक्त्यात ती ठेवायला जागा नाही. तो आठ प्रश्नचिन्हे लिहून मोकळा होतो. तेव्हाच्या डेटाबेसची वृत्ती सैल असल्याने एखादी सूचना नोंदवली जाई, आज्ञा अडवली जात नसे. या खेपेस प्रश्नचिन्हे पडद्यावर नसून तक्त्यातच असतात. प्रत्येकी एक बाइट, आठही एकसारखे. त्यांतून ‘औरंगपुरा’ परत मिळवण्याचा मार्ग नाही. तेथे ‘पदमपुरा’ असता तर प्रश्नचिन्हे सात असती, एवढाच काय तो पुरावा शिल्लक.

म्हणजे नुकसान आळशी मालकांपेक्षा अर्धवट दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून अधिक झाले. मौन राहिलेली संकेतस्थळे विचित्र अवस्थेत का होईना, टिकली. एका बाजूचे सत्य सांगून दुसरी बाजू तशीच ठेवणाऱ्यांनी मजकूर गमावला.

उपाय एका ओळीचा होता: जोडणी उघडल्याबरोबर ‘सेट नेम्स’ ही आज्ञा पाठवायची, म्हणजे तिन्ही नोंदी एकदम बदलतात. पण ती ओळ लिहायची कोठे? त्या काळच्या पीएचपी संकेतस्थळांत जोडणी उघडणारी ओळ प्रत्येक पानावर वेगळी लिहिलेली असे. चाळीस पाने, चाळीस ओळी. एकोणचाळीस सुधारल्या आणि एक राहिली की वरचे चारही प्रकार एकाच तक्त्यात नांदू लागत. या जाचातून जोडणी हा स्वतंत्र घटक बनवण्याच्या चालीला जोर आला. सारी पाने एकाच दारातून डेटाबेसकडे जातील आणि अक्षरांची अट त्या दारावर लिहिलेली असेल.

वर्डप्रेसने मे २००७ मधील २.२ आवृत्तीत मांडणीच्या फाइलमध्ये वर्णसंचाची स्वतंत्र नोंद आणली. शिवाय तेथे एक खास सोय आहे. ठरावीक नावाची फाइल ठरावीक जागी ठेवली की वर्डप्रेस आपला जोडणीचा घटक बाजूला सारून तिच्यातला वापरतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या यी या फ्रेमवर्कमध्ये वर्णसंच हा जोडणीच्या घटकाचा साधा गुणधर्म झाला, आणि एवढ्याने न भागल्यास त्या घटकाचा वारस वर्ग लिहून उघडण्याची रीतच बदलता येऊ लागली. रेल्समध्ये तीच नोंद मांडणीच्या फाइलीत, जावाच्या जगात जोडणीच्या पत्त्याला शेपूट म्हणून. पीएचपीच्या पीडीओ या जोडणीत मात्र पत्त्यात लिहिलेला वर्णसंच २०११ मधील ५.३.६ आवृत्तीपर्यंत सरळ दुर्लक्षिला जाई. लिहिणाऱ्याला वाटे, सांगितले. ऐकणाऱ्याने ऐकलेलेच नसे.

हुशार मंडळींनी सर्व्हरच्या बाजूनेही तोड काढली होती. प्रत्येक नव्या जोडणीवर सर्व्हरने आपणहून ‘सेट नेम्स’ चालवावे, अशी सोय मायएसक्यूएलमध्ये होती. पण सर्वाधिकार असलेल्या खात्याला ती लागू होत नसे, आणि चाचणी करणारा बहुधा त्याच खात्याने आत शिरे. दुसरी अडचण तुटलेल्या जोडणीची. दुवा मध्येच तुटून आपोआप पुन्हा जुळला की आधी दिलेली ‘सेट नेम्स’ पुसली जाई आणि पुढचे लेखन पुन्हा क्रमांक ८ ने. पहिला परिच्छेद शुद्ध, दुसरा एक्कावन्न बाइटांचा. असे का, हे शोधताना माणसे हैराण होत. म्हणून ही आज्ञा सुटी पाठवू नये, जोडणीच्या घटकानेच ती पाळावी, ही रीत हळूहळू रूढ झाली.

मराठीतील सर्वांत मोठ्या खुल्या ज्ञानसंग्रहाने मात्र निराळीच वाट धरली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३चा, महाराष्ट्र दिनाचा. तेव्हा ४.१ आवृत्ती वापरात यायला सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता. मीडियाविकी ही त्यामागची प्रणाली यूटीएफ-८चे बाइट लॅटिन-१च्या तक्त्यांत ठेवीत असे. ४.१ आल्यावर ‘सेट नेम्स’ पाठवावे की नाही, यासाठी मीडियाविकीत एक कळ बसवण्यात आली, आणि पुढे पसंती मिळाली ती तिसऱ्याच पर्यायाला: रकाने ‘बायनरी’ करायचे. डेटाबेसला अक्षरे आहेत हेच सांगायचे नाही. त्याने बाइट घ्यावेत, बाइट द्यावेत. भाषा संकेतस्थळाची संकेतस्थळ पाहील. दुभाष्याला दरबारातून रजाच.

हा निर्णय धाडसी होता आणि फुकट नव्हता. ज्याला अक्षरे कळत नाहीत तो डेटाबेस वर्णक्रमही लावू शकत नाही. तो बाइटांच्या क्रमाने मांडतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. मराठी मूल मुळाक्षरे म्हणते तेव्हा ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. तरीही अक्षरे हरवण्यापेक्षा क्रम चुकणे केव्हाही परवडले.

जुन्या तक्त्यांची दुरुस्तीही याच तत्त्वावर बेतलेली आहे. लॅटिन-१ म्हणून ठेवलेल्या चोवीस बाइटांना थेट यूटीएफ-८ करा म्हटले की सर्व्हर इमानदारीने भाषांतर करतो आणि एक्कावन्न बाइट हाती ठेवतो. म्हणून मधला मुक्काम लागतो. आधी रकाना बायनरी करायचा, म्हणजे सर्व्हर अक्षरे विसरतो. मग तोच रकाना यूटीएफ-८ म्हणून जाहीर करायचा. बाइट जागचे हलत नाहीत, लेबल तेवढे बदलते. याआधी घेतलेली राखीव प्रतही अनेकदा फसवी निघे, कारण प्रत काढणारे साधन हाही डेटाबेसला जोडणारा एक पाहुणाच. त्याची जोडणी न सांगता यूटीएफ-८ बोले. मूळ मजकूर जुन्या गैरसमजावर तगून असलेला आणि प्रत त्यावर दुहेरी भाषांतर झालेली, अशी जोडी त्यातून निर्माण होई.

एवढे झाल्यावर देवनागरीचा प्रश्न मिटला. मोडीचा राहिला होता.

मोडी ही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी हातांची धावती लिपी. निजामाच्या राजवटीत औरंगाबादच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू असली तरी मराठी व्यवहाराची कागदपत्रे मोडीत लिहिली जात, आणि त्यांचे वाचन हे मराठवाड्याच्या इतिहासलेखनाचे आजही मोठे काम आहे. अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये मांडलेल्या प्रस्तावानंतर जून २०१४ मधील युनिकोड ७.० मध्ये मोडीला जागा मिळाली. पण ती जागा इतकी पुढची होती की यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक मोडी अक्षराला चार बाइट लागतात. आणि मायएसक्यूएल ज्याला यूटीएफ-८ म्हणत होते त्याची मर्यादा तीन बाइटांची होती.

नाव पूर्ण, माप अपुरे. जोडणीवर ३३ हा क्रमांक सांगितलेला असला की पहिल्या मोडी अक्षरापाशीच वाक्य कापले जाई. वृत्ती कडक केलेली असली तर नोंदच नाकारली जाई. यावरची तोड मायएसक्यूएलमध्ये २०१०च्या ५.५.३ आवृत्तीपासून होती. चार बाइटांचा नवा संच, त्याच्या साध्या वर्णक्रमाचा क्रमांक ४५. पण तो मागून घ्यावा लागे. वर्डप्रेसने तो २०१५ च्या एप्रिलमध्ये ४.२ आवृत्तीत स्वीकारला. मोबाइलवरच्या भावमुद्रांनाही चारच बाइट लागतात. त्यांचा रेटा जगभर होता. मोडीसाठी एवढी धावपळ कोणी केली असती असे वाटत नाही. हसऱ्या चेहऱ्यांच्या गाडीत बसून पेशवे दफ्तराची लिपी डेटाबेसमध्ये शिरली.

एप्रिल २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आले आणि न सांगता धरला जाणारा संच अखेर बदलला: लॅटिन-१ गेला, चार बाइटांचा यूटीएफ-८ आला. सर्व्हर आता ओळख करून देताना २५५ हा क्रमांक सांगू लागला. जुन्या पीएचपींच्या यादीत हा क्रमांकच नव्हता. त्या हा संच अपरिचित आहे असे सांगून जोडणी उघडायलाच नकार देत. संकेतस्थळ बंद पडे, मालक धावपळ करी, पण आत काही बिघडत नसे. २००४ च्या मौनापेक्षा हा नकार बरा होता.

आज नव्या तक्त्यात ‘औरंगपुरा’ देवनागरीत चोवीस बाइट घेतो आणि मोडीत बत्तीस. जुन्या संकेतस्थळांच्या मांडणीच्या फाइलींत मात्र तीन बाइटांच्या यूटीएफ-८ची नोंद अजूनही सापडते, आणि काही तक्त्यांच्या तळाशी आठ-आठ प्रश्नचिन्हांचे पत्ते तसेच पडून आहेत.